सूत्रकृमी म्हणजे फक्त कीड नव्हे

मातीतल्या जीवांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण सूत्रकृमींचा (नेमाटोड, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींचा) उल्लेख ‘मुळांना गाठी आणणारी कीड’ एवढ्यावरच आटोपला, ते खटकलं. मातीतले बरेचसे सूत्रकृमी जिवाणू, बुरशी किंवा एकमेकांना खाऊन जगतात, आणि त्यातून मोकळा झालेला नायट्रोजन मुळांनाच मिळतो. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार त्यांची सर्वाधिक दाटी उष्ण कटिबंधात नाही, तर उत्तरेकडच्या टुंड्रा आणि सूचिपर्णी जंगलांच्या मातीत आहे. आहे की नाही गंमत?

समुद्रतळाच्या गाळाचा तर लेखात पत्ताच नाही! तिथल्या सूत्रकृमींचे वायझर या संशोधकांनी १९५३ मध्ये चार आहारगट पाडले, तेही केवळ तोंडाची पोकळी केवढी आणि त्यात दात आहेत का, हे पाहून. जमिनीसाठी बाँगर्स या संशोधकांचा १९९० चा परिपक्वता निर्देशांक आहे, म्हणजे कोणत्या प्रकारचे सूत्रकृमी किती आहेत यावरून मातीची स्थिती सांगणारा आकडा. झटपट वाढणाऱ्या जाती माजल्या, की माती ढवळली गेली किंवा सेंद्रिय भार (कुजणाऱ्या पदार्थांचं प्रमाण) वाढला असं समजायचं.

नुसत्या डीएनएवरून केलेल्या मोजणीवर मात्र माझा पूर्ण भरवसा नाही. ओळखीच्या जातींच्या डीएनएच्या संदर्भसंग्रहात एखादी जातच नसेल, तर सापडलेल्या डीएनए-अनुक्रमाला नाव कुठून देणार? त्यावरही एकदा लिहा.