आधी तेरावा, मग साखरपुडा

"वैनींनी आत घेतलं न्हाई व्हय?"

एका रात्री पावणेबाराला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी माझ्याच गाडीत बसलेलो असताना आमच्या वॉचमनमामांनी काचेवर काठी वाजवून मला हे विचारलं. आवाजात चौकशी कमी आणि सांत्वन जास्त. मी काच खाली करून म्हणालो, "मामा, फाइली तपासतोय." मामांनी मान डोलावली. चव्वेचाळीस पायऱ्या उतरून मध्यरात्री गाडीत येऊन बसणारा माणूस काय तपासत असतो, हे त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलं असावं.

वास्तविक प्रकरण साधं होतं. महिन्यातून एकदा मला पुण्याहून कोल्हापूरला आईकडे जावं लागतं. घरात एका जाडजूड कादंबरीच्या वाचनाचा बारा सीडींचा संच होता, मी स्वतः पैसे मोजून घेतलेला. नव्या गाडीत सीडी प्लेअर नाही. तो कधी गेला, कोणाला विचारून काढला, कळलं नाही. म्हणून सगळ्या सीडी लॅपटॉपवर उतरवून, एमपीथ्री करून, पेनड्राइव्हवर टाकायचं ठरवलं. दोनशे चाळीस ट्रॅक, चौदा तास. एकाच माणसाचा आवाज, त्यामुळे मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज, आणि ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, एवढ्यावर भागतं. सगळं मिळून जेमतेम ४०० एमबी.

आता एका सीडीवर ९९ पर्यंत ट्रॅक करता येतात, म्हणून करायलाच हवेत असं नाही. पण कंपनीने दर साडेतीन मिनिटांनी सुरी फिरवली होती. सीडी प्लेअरवर ते ठीक असतं, थांबलो तिथून परत लावता येतं. एमपीथ्री करताना मात्र प्रत्येक फाइलच्या टोकाला शांततेचा बारीकसा तुकडा चिकटतो. "दादासाहेबांनी दार उघडलं आणि" – गप्प – "समोर काकू उभी." पहिल्या खेपेला शिरवळपर्यंत बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "याला कोणीतरी पाणी द्या रे. उचकी लागलीये."

म्हणून जोडकाम. त्यासाठी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. पहिल्या सीडीचे वीस ट्रॅक त्यात एकदम ओढून टाकले आणि प्लेचं बटण दाबलं. ते ट्रॅक एकापुढे एक नव्हे, एकाखाली एक बसले होते. वीस दादासाहेब एकाच वेळी बोलू लागले. कोणी जन्मतोय, कोणी शाळेत जातोय, कोणी तुळशीपाशी रडतोय. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा साधारण अशीच असते, फक्त तिथे तुळस नसते. सॉफ्टवेअरची चूक नाही. ट्रॅक टोकाला टोक लावून मांडायची सोय मेनूमध्ये आहे. ती सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मग मोठेपणाने चौदा तासांची एकच फाइल केली. खंबाटकी घाट चढून सुरूरला चहाला थांबलो, गाडी बंद केली, परत चालू केली, तर दादासाहेब पुन्हा जन्माला आले. दीड तासाचं आयुष्य गेलं. पुढे न्यायचं बटण दाबून धरलं की एका सेकंदाला दहा सेकंद सरकतात. हिशेब करा: नऊ मिनिटं अंगठा बटणावर आणि नजर महामार्गावरच्या उसाच्या ट्रॉलीवर. ही गाडी पट्टा लावला नाही तर बोंबलते, दार नीट लागलं नाही तर बोंबलते, पुढच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी तिला माणूस समजून बोंबलते. पिशवीची एवढी काळजी. मी गोष्टीत कुठे होतो, ते मात्र तिला चहापुरतंही लक्षात ठेवता येत नाही. लाखांनी पैसे मोजलेत, फुकट नाही आणली.

"फोनला जोडा ना," असं सगळे म्हणतात. जोडला होता. दादासाहेबांची आई शेवटचे श्वास मोजत असताना गाडीभर एका तरुणीचा आवाज घुमला आणि तिने मला पूर्वमंजूर कर्ज देऊ केलं.

तेव्हा मधला मार्ग: एका सीडीची एक फाइल. एकूण बारा. नावं सरळ: १, २, ३, बारापर्यंत. लॅपटॉपवर सगळं चोख. पण गाडीत काय होतं, ते गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून रात्री जेवण झालं की पेनड्राइव्ह घेऊन खाली. आणि तिथे मामा.

दुसऱ्या रात्री त्यांनी काच वाजवली नाही. पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले, काठी दोन्ही पायांच्या मध्ये धरून. "लावा," म्हणाले. "येकट्यानं ऐकलं की डोक्यात जातं."

मामा मूळचे माण तालुक्यातले. गोष्ट ऐकायची तर मान खाली घालून, मध्ये हुंकार देत. चार रात्री आम्ही असे बसलो. मी फाइल थोडी ऐकायचो आणि पुढची लावायचो. पाचव्या रात्री मामा म्हणाले, "तेराव्याचं जेवान लई झ्याक सांगितलंय. आन् लगीच साखरपुडा. घरात सुतक आसताना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गाडी आकडे मोजत नव्हती, अक्षरं लावत होती. तिच्या लेखी एकनंतर दहा, मग अकरा, बारा, आणि मग दोन. जन्म झाल्या झाल्या दादासाहेब म्हातारे होत होते, मरत होते, तेराव्यानंतर त्यांचा साखरपुडा होत होता.

"मामा, क्रम चुकलाय. साखरपुडा आधीचा आहे."

"न्हाई, बराबर हाय. त्यो धाकट्याचा."

"धाकटा कोण? दादासाहेबांचाच साखरपुडा आहे तो."

"दुसरं दादासाहेब असतील. आमच्या गावात आजा आन् नातू दोघंबी दादासाहेब. मनीऑर्डर कुणाची म्हणून दर म्हयन्याला भांडण."

"मामा, पुस्तकात एकच दादासाहेब आहेत."

"तुमी पुस्तक वाचलंय?"

वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर ऐकत कशाला बसलो असतो?

"मंग?" मामा म्हणाले, आणि बोटांवर मोजत मला कादंबरी समजावून सांगू लागले. थोरल्या दादासाहेबांनी वाडा विकला. त्यामुळे धाकट्या दादासाहेबांना सासरा पोरगी देईना. म्हणून ती पोरगी आधी रडत होती, मग दिली, म्हणून साखरपुडा. काकूचा राग थोरल्यावर, पण थोरला मेलेला, म्हणून ती धाकट्याशी बोलत नाही. मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. काकू का बोलत नाही, याचं उत्तर खऱ्या क्रमात मला मिळालं नव्हतं.

"पण मामा, आधी मरण आणि मग लग्न, असं कसं चालेल?"

"कीर्तनात न्हाई चालत? बुवा आधीच सांगत्यात, देवानं तारलं. मग तासभर सांगत्यात, कसा बुडत हुता. उठून जातंय का कुनी?"

यावर मला काही सुचलं नाही, ते अजून सुचलेलं नाही.

दरम्यान सोसायटीत गोष्ट वेगळ्याच क्रमाने फिरली होती. चेअरमननी लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चौथा मजला येईपर्यंत काढला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला डबाभर नारळाच्या वड्या दिल्या आणि "तू खंबीर राहा" म्हणाल्या. बायकोने वड्या खाल्ल्या. मग मला विचारलं, "मी तुला नक्की कुठल्या तारखेला बाहेर काढलं? लोकांना दोघांनी एकच तारीख सांगायला हवी." मला राग आला. त्यातही जास्त राग याचा की फाइली तपासायला दहा मिनिटं पुरत होती आणि मी खाली तासभर बसत होतो. घरात टीव्ही चालू असतो, कुकर चालू असतो, कोणीतरी फोनवर असतं. पार्किंगमध्ये फक्त दादासाहेब. ते एक असोत की दोन.

शेवटी पुतण्याला फोन केला. त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं, "काका, एकच्या आधी शून्य लावा. शून्य एक, शून्य दोन, नऊपर्यंत." आणि हसला. हसायची काही गरज नव्हती. नऊ शून्यं लावली, खाली जाऊन पाहिलं, एकनंतर दोन आलं. त्या रात्री मामांची ड्यूटी नव्हती.

काल पहाटे कोल्हापूरला निघायचं म्हणून किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. रोज रात्री इंजिन बंद ठेवून दादासाहेबांना बोलवत होतो, बॅटरीने जीव सोडला होता. मामा चेअरमनना उठवून घेऊन आले, त्यांची गाडी माझ्या गाडीशी नाकाला नाक लावून उभी केली. वायरी जोडल्या, गाडी सुरू झाली. गाडीच्या घड्याळात बारा वाजलेले, आणि स्पीकरमधून दादासाहेबांचा जन्म.

मामा खिडकीत वाकले. "आता पुढं म्हातारा हुतो न्हवं?"

"नाही मामा. आता नीट लागलंय. आता शाळेत जातो."

मामा जरा वेळ ऐकत उभे राहिले. मग शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"ह्ये तुमी ऐका, सायेब. मला आदीचं भरून द्या."