कोणालाच कळले नाही, तर काकांना कसे कळले?

थोरल्या काकांनी परवा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर टाकला आणि खाली, चित्रकला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलीचे नाव घेऊन, "वाच, डोळे उघडतील" असेही लिहिले. मजकुराचा आशय असा की, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातले अमेरिकी अमूर्त चित्रकार बार्नेट न्यूमनचे भलेमोठे लाल चित्र कोणीतरी फाडले, दुरुस्त करणाऱ्याने त्यावर सरळ रोलर फिरवला आणि एकाही तज्ज्ञाला फरक कळला नाही. सबब असले चित्र कोणीही रंगवेल आणि फाडणाराच खरा रसिक.

रोलरपुरते खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 'हूज अफ्रेड ऑफ रेड, यलो अँड ब्लू' या मालिकेतले हे तिसरे चित्र १९८६ साली चाकूने फाडले गेले, न्यूयॉर्कच्या एका संवर्धकाकडे गेले आणि १९९१ साली परतले. संग्रहालयाने ते आधी स्वीकारलेही. परंतु ते भिंतीवर लागताच, मूळ चित्र ओळखणाऱ्यांनी लाल रंगातली खोली गेल्याची तक्रार केली, आणि ती इतकी वाढली की डच न्याय खात्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी लागली. संपूर्ण लाल भागावर रोलरने नवा रंग दिल्याचा निष्कर्ष त्या प्रयोगशाळेचा आहे. संवर्धकाने तो नाकारला, शहरावर दावाही लावला, पुढे तडजोड झाली. म्हणजे रोलरची गोष्ट काकांपर्यंत पोहोचली, ती फरक डोळ्यांना दिसला म्हणूनच. आणि रोलर फिरवून न्यूमन होत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला तरी ठाऊक नाही.

'कोणीही रंगवेल' याबद्दल फार लिहीत नाही. चित्र २२४ बाय ५४४ सेंटिमीटरचे आहे, आणि आपली मोठी चित्रे जवळ उभे राहून पाहावीत, असे न्यूमनने १९५१ च्या प्रदर्शनातच भिंतीवर लिहून लावले होते. काकांनी हे चित्र पाहिले बोटभर रुंदीच्या फोटोत.

राहिला तो 'रसिक'. त्या काळी त्याची पाठ थोपटणारी पत्रे संग्रहालयाकडे आली होती, हेही खरे. त्याने १९९७ साली त्याच संग्रहालयात येऊन न्यूमनचेच 'कॅथेड्रा' हे निळे चित्र कापले. ते सांधायला संवर्धकांना काही वर्षे लागली.