उपग्रह असताना डेझोलेशनवरची चौकी कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात डेझोलेशन पीक हा 6,102 फुटांचा डोंगर आहे. 1926 च्या वणव्याने त्याचे उतार ओसाड केले, त्यावरून हे नाव पडलं. माथ्यावर 1932 साली बांधलेली, चारी बाजूंनी काचा असलेली चौदा बाय चौदा फुटांची लाकडी खोली आहे. वणव्यावर नजर ठेवायची ही टेहळणी चौकी. तिच्या फोटोसोबत जो मजकूर फिरतो, त्याचा सारांश असा: उपग्रह आल्यापासून चौकी निव्वळ शोभेची, काम काय, तर दुर्बीण लावून बसायचं, वीज कडाडली की काचेच्या पायांच्या स्टुलावर चढायचं, एकूण पगारी सुट्टीच. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे तेवढेही नाहीत.

“उपग्रहाला सगळं दिसतं”

वणव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या, उपग्रहांवर बसवलेल्या व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक ठिपका, म्हणजे त्याच्या चित्रातला सगळ्यात छोटा चौकोन, 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टरचा. अख्खा ठिपका पेटावा लागत नाही. भडकलेली छोटी आगही त्यात उठून दिसते, हे मान्य. पण इथे आग बऱ्याचदा तशी सुरूच होत नाही. जुन्या झाडावर वीज पडते, खोडात धग राहते, वरून पाऊस पडून जातो. तीन-चार दिवसांनी ऊन तापलं की झाडोऱ्यातून धुराची बारीक रेघ निघते. त्या धगीची उष्णता वरून जाणवत नाही, रेघ मात्र डोळ्याला दिसते. शिवाय हे उपग्रह ध्रुवीय कक्षेतले. एका जागेवरून ते दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास जातात. पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या वर टिकून राहणारा भूस्थिर उपग्रह दर पाच मिनिटांनी बघतो, पण त्याचा ठिपका दोन किलोमीटरचा. ढग आले की दोघांचीही पंचाईत.

दरी धुराने भरली, रात्र झाली किंवा आग डोंगराच्या धारेपलीकडे असली, की चौकीतला माणूसही आंधळाच. तेव्हा विमान आणि उपग्रहच उपयोगी. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षण याच प्रकारच्या ठिपक्यांवरून वनखात्याला सूचना पाठवतं. सूचना आल्यावर कोणाला तरी जाऊन खात्री करावीच लागते. ठिपका वणव्याचा की शेतात पेटवलेल्या पालापाचोळ्याचा, ते जागेवरच कळतं.

“दुर्बीण लावून बसायचं”

दुर्बीण धूर दाखवते. तो कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी खोलीच्या मधोमध ऑस्बॉर्न फायर फाइंडर असतो. हे यंत्र अमेरिकी वनखात्यातल्या विल्यम बुशनेल ऑस्बॉर्न यांनी 1910 च्या दशकात तयार केलं. गोल पाट्यावर नकाशा, नकाशाच्या केंद्राशी चौकी स्वतः, भोवती 360 अंशांचं फिरतं कडं. कड्यावर समोरासमोर दोन पट्ट्या: डोळ्याजवळच्या पट्टीत बारीक फट, पलीकडच्या पट्टीत उभा ताणलेला घोड्याचा केस.

धूर दिसला की कडं फिरवायचं आणि फटीतून बघत केस धुराच्या बुडावर आणायचा. शेंड्यावर नेम धरला तर चूक होते, कारण वारा धुराला वाकवतो. मग व्हर्निअरवर, म्हणजे अंशाचे बारीक भाग दाखवणाऱ्या पट्टीवर, दिगंश (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) वाचायचा आणि नजरेची रेषा क्षितिजाच्या किती खाली जाते तो कोन घ्यायचा. नकाशावरची रेषा डोंगराच्या कोणत्या सोंडेला किंवा नाळेला (अरुंद घळीला) जाऊन टेकते, ते या दोन आकड्यांवरून ठरतं. दुसऱ्या चौकीतूनही तोच धूर दिसला तर दोन रेषा जिथे छेदतात ती जागा पक्की. रेषा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर उत्तमच. अगदी चिंचोळ्या कोनात छेदल्या तर थोड्या चुकीनेही ठिकाण कुठच्या कुठे जातं.

गफलत होते ती बहुतेक वेळा मांडणीत. पाटा समतल नसेल तर खालचा कोन फसवा येतो. नकाशा एक अंशाने फिरलेला असेल तर 20 किलोमीटरवर सुमारे 350 मीटरची चूक, म्हणजे माणसं नको त्या नाळेत उतरणार. म्हणून ज्याचा दिगंश आधीच माहीत आहे अशा शिखरावर नेम धरून यंत्र पडताळून घेतात. खिडकीचा खांब आड आला तर अख्खं यंत्र रुळांवर थोडं सरकवता येतं.

आणि प्रत्येक पांढरी रेघ धूर नसते. पाऊस थांबला की दरीतून धुक्याचे तुकडे उठतात. तिथली मंडळी त्यांना ‘वॉटर डॉग’ म्हणतात. धुक्याचा तुकडा बुडापासून सुटतो, वर सरकतो, विरतो. धूर एकाच जागी मूळ धरून राहतो. दिगंश लिहून ठेवायचा आणि परत परत तिथेच बघायचं, दुसरा मार्ग नाही.

“काचेच्या पायांचा स्टूल वाचवतो”

ढगापासून डोंगरापर्यंत हवा फोडत आलेल्या विजेला चार इंच काच काय अडवणार? वाचवते ती तार. छपरावरच्या सळ्यांपासून जाड तांब्याच्या तारा कोपऱ्यांवरून खाली जमिनीत जातात. चूल, धुराडं, लोखंडी खाट आणि फायर फाइंडरही त्यांनाच जोडतात, म्हणजे खोलीतल्या दोन धातूंमध्ये ठिणगी उडत नाही. माथ्यावरचा कोरडा खडक वीज नीट मुरवत नाही, म्हणून तारा उतारावर लांबवर न्याव्या लागतात. सांधा गंजला किंवा तार तुटली की सगळी व्यवस्था फुकट. स्टूल हा त्यावरचा जोड: जमिनीतून आणि फरशीतून पसरणाऱ्या प्रवाहापासून पाय वेगळे ठेवणं, एवढंच त्याचं काम. स्टुलावर बसून चुलीला हात लावला तर काचेचा उपयोग शून्य.

“पगारी सुट्टी”

रॉस तलावाच्या काठावरून माथा सुमारे साडेसात किलोमीटर, चढ जवळपास साडेचार हजार फूट. 1956 साली जॅक केरुअॅक या नामवंत लेखकाने इथे 63 दिवस एकट्याने काढले आणि त्यावर लिहिलं, तेव्हापासून लोकांना फक्त एकांत दिसतो. खोल दऱ्यांत काम करणाऱ्या तुकड्यांचा रेडिओ थेट पोचत नाही. माथ्यावरचा माणूस निरोप इकडून तिकडे देतो. हवामानाच्या नोंदी त्याच्याच. उन्हाळाभर खिडक्यांवर छज्ज्यासारख्या आडव्या टेकवलेल्या झडपा हंगाम संपला की खाली पाडून बोल्टने आवळायच्या, नाहीतर हिवाळ्यातलं बर्फ काचा फोडतं. आणि सुरुवातीला पाणी मिळतं ते उरलेलं बर्फ वितळवून. ते संपलं की खाली उतरून पाठीवर आणायचं, लिटरमागे एक किलो.