चिनी गावांना पोलीस लागतच नव्हते?

‘चीनमध्ये हजारो वर्षं गावंच आपली सुरक्षा सांभाळत आली, सरकार मध्ये पडलं नाही, पुढारी गावानेच निवडले, १९६३ साली झेजियांग प्रांतातल्या फंगच्याओ या भागाने एकालाही अटक न करता हे सिद्ध केलं, आपणही तेच करावं.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. तो फार भोळा आहे, आणि या बाबतीत भोळेपणा महागात पडतो.

सरकार मध्ये पडलं नाही? ही व्यवस्था उभी केली ती सरकारनेच. इ.स.पू. चौथ्या शतकात छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने घरांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट पाडले. इतिहासकार सिमा छियान सांगतो, गुन्हा कळवला नाही तर कमरेतून दोन तुकडे. कळवला तर शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याइतकं बक्षीस. पुढे राजा वारला आणि शांग यांगवरच पळायची वेळ आली. सराईवाल्याने त्याला न ओळखता दारातूनच परत पाठवलं: ओळखपत्राशिवाय कुणाला ठेवलं तर शांगच्या कायद्याने शिक्षा मला होईल! अशा गावात रात्री शांतता असणारच. शेजाऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा आपल्याला होईल या धास्तीने ती राखलेली असते.

सोंग काळात, १०७० मध्ये, मंत्री वांग आनशीने याच धर्तीवर ‘बाओजिया’ ही घरांच्या गटांची व्यवस्था आणली. छिंग राजवटीत दहा घरं, मग शंभर, मग हजार अशी उतरंड होती आणि दारावर घरातल्या माणसांची पाटी. जपान्यांनी तैवानमध्ये १८९८ पासून ती पोलिसांच्या हाताखाली वापरली; १९३०च्या दशकात चीनचा राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेकने कम्युनिस्टांविरुद्ध. एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या राज्यकर्त्यांना एकच साधन आवडलं, यावरून ते कुणाच्या सोयीचं होतं हे कळतं.

पुढारी गावाचे? छिंग काळात नाव गावातून सुचवलं जाई, पण प्रमुखाला उत्तर द्यावं लागे ते जिल्ह्याच्या न्यायाधिकाऱ्याला.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. कुळातले आणि गावातले वडीलधारे जमिनीची, लग्नाची, मारामारीची भांडणं मिटवत, आणि ते काम मोलाचं होतं. पण त्यालाही मिंग सम्राट होंगवूने १३९८ मध्ये सक्तीचं रूप दिलं: आधी गावच्या ज्येष्ठांकडे जा, परस्पर न्यायाधिकाऱ्याकडे गेलात तर शिक्षा.

आता फंगच्याओ. तिथे अटका टाळल्या हे खरं. पण कुणाच्या? ‘जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, वाईट घटक’ असे शिक्के बसलेल्यांच्या. कम्युनिस्ट पक्षाच्या प्रांतिक समितीने पाठवलेल्या पथकाच्या देखरेखीखाली या माणसांना गावासमोर उभं करून ‘सुधारलं’ गेलं आणि नंतर शेजाऱ्यांच्या पहाऱ्यात ठेवलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माओने हा नमुना देशभर न्यायला सांगितलं. तुरुंगाला निदान मुदत असते. हा शिक्का वर्षानुवर्षं राहिला आणि मुलांच्या शाळेच्या, नोकरीच्या, लग्नाच्या आड आला. जमीनदार आणि श्रीमंत शेतकऱ्यांचे शिक्के सरसकट उतरवायला सुरुवात झाली ती १९७९ मध्ये. ‘कुणालाही अटक नाही’ हे वाक्य अभिमानाने पुढे पाठवणाऱ्यांनी ही सोळा वर्षं मोजलेली नाहीत.

शी जिनपिंग यांनी २०१३ मध्ये या ‘फंगच्याओ अनुभवा’चा पुन्हा पुरस्कार केला. त्याचं ब्रीद आजही तेच: वाद वर पाठवू नका, जागच्या जागी मिटवा. दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या वादात हे उत्तम. पण जमीन ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याच्याविरुद्धची तक्रारही या नियमाने वर न जाता त्याच्याच कचेरीत अडकते, आणि तिथे तिचा निकाल तोच लावतो.