सुटलेली मांड

डावा पाय रिकिबीत, डावा हात अयाळीत आणि उजवा पाय अजून जमिनीवर, अशा अवस्थेत मी किती वेळ उभा होतो हे नक्की सांगता येणार नाही; परंतु ज्या घोडीवर मला बसायचे होते तिने तेवढ्या वेळात दोनदा मान वळवून माझ्याकडे पाहिले, एकदा जांभई दिली आणि शेवटी मागचा एक पाय सैल सोडून ती चक्क विश्रांतीला लागली. अकरा वर्षांपूर्वी याच पवित्र्यातून मी एका झेपेत खोगिरावर जात असे. निदान माझ्या आठवणीत तरी तसे होते, आणि आठवणींना स्नायूंची गरज लागत नाही.

घोड्यावर डाव्या बाजूने चढण्याची रीत तलवारीमुळे पडली असे म्हणतात. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला लटकत असे, आणि उजवीकडून चढताना ती पायांत येत असे. माझ्या कमरेला तलवार नव्हती. जे होते ते तलवारीपेक्षा बरेच जड होते आणि कमरेच्या सर्व बाजूंनी लटकत होते. अखेरीस मोतद्दाराने एक शब्दही न बोलता लाकडी पायरी आणून माझ्याजवळ ठेवली. जमिनीवरून रिकिबीला लोंबकळत चढल्यास खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो, म्हणून हल्ली सगळेच पायरी वापरतात, असे प्रशिक्षकांनी सांगितले. हे कारण अगदी खरे आहे. मात्र ते माझ्या समाधानासाठी सांगितले जात होते, हेही तितकेच खरे होते.

घोडीचे नाव बिजली. पुरवठा बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी खंडित झालेला असावा, कारण पहिली दहा मिनिटे आम्ही दोघे इतक्या सावकाश चालत होतो की मला स्वतःविषयी पुन्हा आदर वाटू लागला. घोड्याची साधी चाल चार ठेक्यांची असते, पाठ हळुवार झुलते आणि स्वाराला फारसे काही करावे लागत नाही. मग प्रशिक्षक म्हणाले, ‘‘आता दुडकी.’’

दुडक्या चालीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग उलट. दोन ठेक्यांची ही चाल खालून ठोसे लगावते. ते चुकवण्यासाठी स्वाराने एका ठेक्याला खोगिरावरून किंचित उठायचे आणि दुसऱ्याला पुन्हा टेकायचे असते. ही उठबस टपालाच्या घोडागाड्या ओढणाऱ्या घोड्यांवर बसणाऱ्या स्वारांमुळे रूढ झाली. दिवसभर दणके खाऊन त्यांना सुचलेली ती युक्ती असावी. युक्ती उत्तमच आहे, पण तिचा हिशेब कोणी आधी सांगत नाही. साधारण मिनिटाला ७५ वेळा उठायचे आणि ७५ वेळा बसायचे, म्हणजे दहा मिनिटांत साडेसातशे उठाबशा, त्याही चेहऱ्यावर सहजतेचा भाव ठेवून. माझ्या पायांनी पहिल्या चाळीस-पन्नास उठाबशा जुन्या ओळखीखातर काढल्या. त्यानंतर मी उठायचा तेव्हा बसत होतो, बसायचा तेव्हा हवेत होतो, आणि बिजलीची पाठ दर वेळी मला अर्ध्या वाटेत येऊन भेटत होती.

त्या दिवशी घरी मी ताठ मानेने गेलो. खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर ओढवला. जिना चढणे त्रासदायक होते, पण उतरणे अशक्य होते. यामागे शास्त्र आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना भार पेलता पेलता लांबावे लागते, आणि नेमक्या अशाच कामाने न सरावलेल्या स्नायूतंतूंची सर्वाधिक बारीक हानी होते. दुखणे लगेच न येता एक ते तीन दिवसांनी कळस गाठते, ते त्यामुळेच. लॅक्टिक आम्ल साचल्याने अंग दुखते ही समजूत चुकीची आहे. ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात निघून जाते. ही माहिती मी पहिल्या पायरीवर कठड्याला मिठी मारून उभा असताना माझ्या मुलीला सविस्तर दिली. तिने ती शांतपणे ऐकली आणि ‘‘बाबा, उलटे उतरून बघा’’ असे सुचवले. त्याप्रमाणे मी जिन्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, शिडीवरून उतरणाऱ्या रंगाऱ्यासारखा खाली आलो. खुर्चीत बसण्याविषयी एवढेच सांगतो की शेवटची वीतभर मी बसत नव्हतो, पडत होतो.

आता नेमके घोडे कुठे पेंड खाते हे शोधणे आले. मी रोज चालत होतो, जिने चढत होतो, तरी ही दशा का व्हावी? याचे उत्तर असे की मांडीच्या आतल्या बाजूचे, दोन्ही पाय जवळ आणणारे जे स्नायू आहेत, त्यांना रोजच्या व्यवहारात कोणी फारसे विचारत नाही. चालताना ते हजेरीपुरते असतात. खोगिरावर मात्र कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळ्यांना एकदम बोलावणे जाते, आणि अकरा वर्षे बिनकामाचे राहिलेले हे स्नायू कागदपत्रांसह हजर होतात.

मी कंबर कसली. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवसाची विश्रांती, असा व्यायामाचा तक्ता केला. पहिला व्यायाम भिंतीला पाठ लावून, गुडघे काटकोनात वाकवून, हवेतल्या खुर्चीवर बसण्याचा होता. वीस सेकंद हा किती मोठा काळ आहे हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने तो अवश्य करावा. पंधराव्या सेकंदाला माझ्या मांड्या थरथरू लागल्या, अठराव्याला भिंतीवरचे कॅलेंडर खडखडू लागले आणि तेवढ्यात मुलीने खोलीत डोकावून, ‘‘बाबा, खुर्ची कोणी नेली?’’ असे काळजीने विचारले. दुसरा व्यायाम पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा हळूहळू खाली सोडण्याचा. स्वाराची टाच खाली असावी लागते आणि आखडलेली पोटरी ती खाली जाऊ देत नाही. हा व्यायाम मला आवडला, कारण बाहेरून पाहणाऱ्याला आपण नुसते विचार करत उभे आहोत असे वाटते.

तिसरा व्यायाम गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबण्याचा होता, आणि याच्यावर माझी सगळी भिस्त होती. मांड पक्की हवी तर पकड पक्की हवी, हे मला इतके उघड वाटत होते की मी सकाळ-संध्याकाळ चेंडू दाबू लागलो. वर्तमानपत्र वाचताना दाबला, फोनवर बोलताना दाबला. दोनदा तो गुडघ्यांतून निसटून समोर उडाला. एकदा पडद्यावर आदळला आणि दुसऱ्यांदा फुलदाणीवर. दाबलेली वस्तू पुढे निसटते, हा इशारा मला तेव्हाच कळायला हवा होता.

तीन आठवड्यांत फरक जाणवला. मांड्या आरशात होत्या तशाच दिसत होत्या, पण भिंतीपाशी वीसाची साठ सेकंदे झाली होती. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत. त्यांना कामाला लावणाऱ्या मज्जातंतूंची शिस्त सुधारते, आणि डोळ्यांना दिसेल अशी वाढ बऱ्याच उशिरा येते. मला शिस्तही पुरेशी होती. घोडामैदान जवळच होते. मी पायरीवरून बऱ्यापैकी रुबाबात चढलो, दोन्ही गुडघे खोगिरावर घट्ट रोवले आणि ज्या ताकदीने चेंडू दाबत असे त्याच ताकदीने बिजलीला दाबले.

पुरवठा सुरू झाला.

बिजली निघाली ती थेट दुडक्या चालीत. मी घाबरून आणखी आवळले, तेव्हा तिने आणखी पावले उचलली. मी लगाम खेचला, तेव्हा ती गोंधळून मान झटकू लागली, आणि तिचे बरोबरच होते, कारण मी पायांनी ‘चल’ आणि हातांनी ‘थांब’ एकाच वेळी सांगत होतो. अंगावर एक माशी बसली तर तेवढ्यापुरती कातडी थरथरवून ती उडवणारा हा प्राणी आहे. त्याच्या बरगड्यांवर मी तीन आठवड्यांच्या तपश्चर्येची सगळी पुण्याई लावली होती. शिवाय गुडघे आवळल्यामुळे पोटऱ्या मागे गेल्या, टाचा वर आल्या आणि ओला साबण मुठीतून सरकावा तसा मी खोगिरातून वर वर सरकत होतो. घोडी थांबली तेव्हा तिच्या मानेला मिठी मारून मी तिच्या अयाळीत श्वास घेत होतो.

प्रशिक्षक जवळ आले. त्यांनी माझा गुडघा आणि खोगीर यांच्या मध्ये आपला तळहात सरकवण्याचा प्रयत्न केला. तो गेला नाही. ‘‘ताकद आली आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आता ती वापरू नका.’’

हे वाक्य पचवायला मला पुढचे पंधरा दिवस लागले. खाली पाय सोडून बसायचे, पण लोंबकळू द्यायचे नाहीत. टाचेत वजन न्यायचे, पण रिकीब ढकलायची नाही. पोट आणि पाठ यांनी तोल धरायचा आणि पायांनी घोड्याला नुसते सोबत असल्यासारखे लागून राहायचे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत. घोडा अचानक अंगाखालून नाहीसा झाला तर स्वार जमिनीवर पाय फाकवून उभा राहिलेला दिसावा, अशी ही बैठक आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या झेनोफन या ग्रीक सेनानीनेही खुर्चीत बसल्यासारखे बसू नका, पाय फाकवून उभे असल्यासारखे बसा, असा सल्ला दिला होता, आणि त्याच्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती. म्हणजे भिंतीपाशी मी ज्या हवेतल्या खुर्चीवर घाम गाळत होतो, तिच्यावर जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वीच फुली मारली गेली होती.

तरी तो घाम वाया गेला नाही. आवळून धरायला जेवढी ताकद लागते त्याहून अधिक ताकद न आवळता स्थिर राहायला लागते. दमलेला पाय सैल पडत नाही, तो आधी घाबरून चिमटा काढतो. मी चेंडू मुलीला परत दिला, एका पायावर उभे राहून दात घासू लागलो आणि दुडकीत उठताना स्वतःला वर न फेकता घोडीला फेकू देऊ लागलो. उठणे निम्म्यावर आले. बिजलीही मान खाली सोडून चालू लागली आणि एकदा तिने लांब फुरफुरून श्वास सोडला. घोडा निवांत झाल्याची ती खूण असते. आजवर माझ्या प्रगतीचे एवढे प्रांजळ प्रशस्तिपत्रक मला कोणी दिले नव्हते.

सातव्या आठवड्यात प्रशिक्षकांनी पुन्हा तळहात सरकवून पाहिला. या वेळी तो सहज आत गेला आणि सहज बाहेर आला. मी कौतुकाची वाट पाहत होतो. त्यांनी मात्र दोन्ही रिकिबी माझ्या पायांतून काढल्या, घोडीच्या मानेवर एकमेकींवरून आडव्या टाकल्या आणि सांगितले, ‘‘छान. आता याशिवाय दोन फेऱ्या.’’

दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना पुन्हा उलटाच उतरलो. मात्र या वेळी कठड्याला एकच हात लावला होता.