फुगवलेला हिशेब

डोंगरावर मुक्कामाच्या जागी एका अनोळखी गृहस्थांनी माझी बॅलन्सशीट मांडली, आणि परतल्यापासून माझं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण चालू आहे.

घरी वाळवून नेलेला भात, भाजी आणि कडधान्य गरम पाण्यात घालून, झाकण लावून मी बसले होते. असलं जेवण फुगायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, कडधान्य हट्टी असेल तर जास्तच. शेजारच्या माणसाला बोलायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

"घरी केलंत?"

"हो. विकतच्या तयार जेवणाच्या पाकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं."

गृहस्थांनी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. डोंगरावर रेंज नसली तरी कॅल्क्युलेटर चालतो, याचं काहीतरी करायला हवं.

"वाळवायचं यंत्र किती वॅटचं?"

"५००."

"चालतं किती तास?"

"दहा."

"म्हणजे ५ युनिट. मधेमधे आपोआप बंद होत असेल, ४ धरू." या औदार्याने मला उगाचच बरं वाटलं. "यंत्राची किंमत किती जेवणांवर वाटलीत?"

"वाटली नाही."

"वाटायला हवी. वर्षातून कितीदा येता?"

मी आकडा जरा सढळ हाताने सांगितला. त्यांनी माझ्या कोऱ्या करकरीत बुटांकडे पाहिलं आणि तो निम्मा केला.

मग पिशव्या आल्या, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आल्या, "फेकून दिलेला माल" आला. या शेवटच्या रकान्यावर मी गप्प बसले. घाई करून तापमान चढवलं की वरून कडक कवच धरतं, आत ओल राहते आणि बरणीत बुरशीचा संसार थाटला जातो, हे वाळवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. यांना कुठून कळलं, देव जाणे.

तसा या धंद्यात मुळातच वेडेपणा आहे. एक किलो टोमॅटो वाळवले की हातात जेमतेम ५०-६० ग्रॅम येतात. बाकीचं पाणी. ते आपण टोमॅटोच्या भावाने विकत घेतो, वीज जाळून उडवतो आणि डोंगरावर गॅस जाळून परत घालतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला पुस्तकाप्रमाणे ०.६३ युनिट पुरे. यंत्र त्याच्या कितीतरी पट खातं, कारण उरलेली ऊब घर तापवण्यात जाते. कांदा वाळवत असलात तर उशीलासुद्धा कांद्याचा वास.

"आणि तुमचा वेळ?"

चिरणं, शिजवणं, ट्रेवर पातळ पसरणं, मध्यरात्री उठून ट्रे फिरवणं, बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवून ओल धरली का ते बघणं. सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"वेळ शून्य धरलाय," मी म्हणाले.

मला वाटलं, आता तरी वाद घालतील.

"ठीक आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

वॅटावॅटावर हुज्जत घालणारा माणूस इथे अडखळलासुद्धा नाही! निदान "असं कसं?" तरी म्हणावं! पण स्वयंपाकघरातल्या तासांचं हे असंच असतं. विजेचं बिल येतं म्हणून वीज दिसते. उभ्या राहणाऱ्या पायांचं बिल येत नाही, तेव्हा ते पाय हिशेबात नसतातच. घरातही हेच ऐकते. तिथे निदान कोणी कॅल्क्युलेटर काढत नाही.

"स्वस्त पडतं, पण तुम्ही म्हणता तेवढं नाही," निकाल लागला. "यंत्र वसूल व्हायला अजून बरेच डोंगर चढावे लागतील."

स्वतः मात्र ते विकतचं पाकीट खात होते. ते महाग का, हे मलाही कळतं. अन्न गोठवायचं, निर्वात पोकळीत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करायची, त्याची यंत्रंही तशीच महाग. ते वर्षानुवर्षं टिकतं. माझं काही महिन्यांत संपवावं लागतं, आणि चरबी वाळत नसून खवट होते म्हणून त्यात तेलाचा थेंबही नसतो. हे सगळं मान्य. पण पाकिटावर "दोघांसाठी" छापलेलं असतं, ते दोघं कोण? त्यातला एक नक्की घरून जेवून आलेला असणार.

गृहस्थांनी दोघांचं एकट्याने संपवलं, पाकीट उलटं करून झटकलं आणि माझ्या भांड्याकडे बघायला लागले.

"वास छान येतोय हो."

मी झाकण काढलं. कडधान्य अजून टणक होतं. तरी त्यांच्याकडे बघत, कडाकडा चावत, मी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.