मोठ्या आईचा पाय

माझ्या मोठ्या आईचा पाय हत्तीरोगाने सुजलेला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला ताप ठरलेला. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव, दिवसभर बांधीत चिखलात उभं राहणं. संध्याकाळी हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. जांघेत लिंबाएवढं अवधाण. एकदा टॉर्च धरून पाहिलं, तर घोट्यापासून मांडीपर्यंत लाल रेघ गेलेली. हात लावू देत नव्हती.

ही लसिकावाहिन्यांची सूज. या बारीक नळ्या अंगातलं जास्तीचं पाणी गोळा करून परत रक्तात सोडतात. क्युलेक्स डासामुळे शिरलेले हत्तीरोगाचे जंत याच नळ्यांत वर्षानुवर्षं राहतात आणि त्या निकामी करतात. मग पायात पाणी साचतं. अशा पायाला चिखल्या झाल्या की तिथून साधे जंतू आत घुसतात आणि पायाला ते आवरत नाहीत. दर तापानंतर सूज थोडी जास्तच उरते, कातडी जाड होत जाते.

किती दवाखाने केले! सलाईन, गोळ्या, आणि ‘आता हे असंच राहणार’. तिच्या बोटांच्या बेचक्यात मात्र कुणी डोकावलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मग एका शिबिरात एक नर्सताई जमिनीवर बसल्या आणि तो पाय त्यांनी सरळ आपल्या मांडीवर घेतला. साधा साबण, स्वच्छ पाणी, हलक्या हाताने धुणं. घासायचं नाही. मग जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने एकेक बेचकं टिपून कोरडं केलं, भेगांना मलम लावलं. रात्री पाय उशीवर ठेवा, बसल्या बसल्या टाच वर-खाली करा, म्हणाल्या. मोठी आई रडायला लागली. इतक्या वर्षांत घरच्यांशिवाय त्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता.

आधी वर्षाला पाच-सहा वेळा ताप यायचा. गेल्या वर्षी एकदाच आला.

आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या की ‘ठेवून जा’ म्हणू नका, जेवण करून त्यांच्यासमोरच गिळा. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. त्या गोळ्यांनी रक्तातली जंतांची पिल्लं मरतात, मग डास ती दुसऱ्याकडे नेऊ शकत नाही. नंतर कुणाला ताप-चक्कर आली तर ती बहुधा जंत मरत असल्यामुळे. पण सुजलेला पाय या गोळ्यांनी उतरत नाही. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग घालवायचं ठरलंय, फार चांगलं आहे. पण आधीच सुजलेल्या पायांचं काय? पाय धुवायला टब-टॉवेल हातात देऊन भागत नाही हो. कुणीतरी अर्धा तास बसून पाय धुऊन दाखवायला हवा, तोही घरच्या माणसांसमोर.

तुमच्या घरी असा पाय असेल तर आज रात्री बोटांच्या मधे नीट बघा. ओलं, पांढरं, फाटलेलं दिसलं तर ताप यायची वाट बघू नका. धुवा, कोरडं करा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना तीच जागा दाखवा.